सीटखालचा सबवूफर: बसवायला दोन तास, जुळवायला तीन आठवडे

मी सबवूफर, म्हणजे फक्त खालचे, घुमणारे सूर वाजवणारा स्पीकर, घेतला तो मोटारीत दणका हवा म्हणून नव्हे. काचा थरथरवत जाणाऱ्या गाड्यांचा मला पूर्वीपासून राग आहे आणि आपली गाडी त्या पंगतीत जाऊन बसावी, अशी इच्छा तर मुळीच नव्हती. माझी तक्रार वेगळी होती. कोथरूडहून हडपसरला जाण्यायेण्यात माझे रोज दोन तास मोडतात. त्या वेळात मी अभंग, ख्याल आणि जुनी नाट्यगीते ऐकतो, आणि कंपनीने दारांत बसवून दिलेल्या साडेसहा इंची स्पीकरांतून पखवाज ऐकताना त्याचे कणीक लावलेले डावे तोंड कुणीतरी काढून ठेवले आहे, असे सतत वाटत राहायचे. थाप ऐकू यायची, पण तिच्यामागचा घुमारा यायचा नाही.

हा भ्रम नव्हता. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्यात जोडीच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झला लागतात आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्याला, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झला. पातळ पत्र्याच्या, भोके असलेल्या दारात बसवलेला स्वस्त स्पीकर तिथपर्यंत उतरता उतरता थकलेला असतो. तानपुऱ्याच्या बाबतीत ते फारसे जाणवत नाही, कारण त्याच्या नादात वरचे स्वरांश इतके भरपूर असतात की मूळ खर्ज दुबळा झाला तरी कान तो स्वतःच भरून काढतो. डग्गा, पखवाज आणि संबळ यांच्या बाबतीत मात्र कानाला ही उसनवारी जमत नाही. तिथे तळ खरोखरच हवेतून यावा लागतो, आणि त्यासाठी हवा ढकलणारा मोठा पडदा लागतो.

डिकीत मोठी लाकडी पेटी ठेवणे हा त्यावरचा जुना उपाय आहे आणि आवाजाच्या दृष्टीने तोच उत्तम आहे, हे आधीच मान्य करतो. परंतु आमच्या छोट्या हॅचबॅकच्या डिकीत आईची चाकाची खुर्ची ठेवावी लागते, त्यामुळे पेटी आणि नळकांड्यासारखी बेसट्यूब हे दोन्ही पर्याय बाद झाले आणि सीटखाली सरकणारा, स्वतःचा अँप (ध्वनिवर्धक) पोटात घेऊन येणारा चपटा सबवूफर एवढाच मार्ग उरला. सोनी, पायोनियर, केनवूड, जेबीएल अशा अनेक कंपन्या या जातीच्या पेट्या विकतात. पुढे लिहिलेले बहुतेक सारे त्या सगळ्यांनाच लागू पडत असल्यामुळे हा अभिप्राय एखाद्या नावाचा नसून पेटीच्या या जातीचा आणि त्याहून अधिक तिच्या बसवणीचा आहे, असे समजावे. मी घेतलेली पेटी आठ इंची पडद्याची, साडेसात सेंटिमीटर उंचीची आहे आणि तिला मी ११,५०० रुपये मोजले.

खोक्यावरच्या आकड्यांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण तिथेच बहुतेकांची पहिली फसगत होते. माझ्या खोक्यावर ठळक अक्षरांत ९०० वॅट असे छापलेले होते आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत आरएमएस, म्हणजे सलग देता येणारी शक्ती, १२० वॅट. यांपैकी कोणता आकडा खरा मानावा, हे ठरवण्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. पेटीसोबत आलेला फ्यूज पाहावा. फ्यूज २० अँपिअरचा होता. इंजिन चालू असताना गाडीतला विद्युतदाब साधारण १४ व्होल्ट असतो, म्हणजे त्या फ्यूजमधून सलग २८० वॅटपेक्षा अधिक शक्ती आत शिरणारच नाही. आत जे शिरत नाही ते बाहेर कुठून पडणार? अँपमध्ये उष्णतेपायी जाणारा वाटा वजा केला की १२० हा आकडा प्रामाणिक वाटू लागतो. माणसे बसण्याच्या बंदिस्त जागेत तेवढी शक्ती माझ्या गरजेपेक्षा जास्तच आहे, कारण गाडीची पेटीसारखी बंद केबिन सत्तर-साठ हर्ट्झच्या खालचे सूर आपणहून फुगवते. घराच्या दिवाणखान्यात हीच पेटी अगदीच मिणमिणीत वाटली असती.

पहिली बसवणी मी एका चकचकीत दुकानात करून घेतली आणि ती माझी चूक होती. दोन तासांत काम झाले, मुलांनी एक तडाखेबाज रीमिक्स लावले, आरशाला लटकवलेली गणपतीची छोटी मूर्ती नाचू लागली आणि मालकांनी अभिमानाने विचारले, “कसं वाटतंय, साहेब?” मी छान म्हणालो आणि पैसे दिले. घरी येईपर्यंत माझे डोके दुखू लागले होते. मागे बसलेल्या आईने तर पौड फाट्यालाच विचारले होते, “अरे, माझ्या पायाखाली काय गुरगुरतंय?”

पुढच्या पंधरवड्यात त्या बसवणीतले दोष एकेक करून बाहेर आले. पहिला दोष सर्वांत महाग ठरला. चार दिवस आम्ही बसने साताऱ्याला गेलो होतो. परत आल्यावर गाडीने चावीला उत्तर दिले नाही, बॅटरी पूर्ण उतरली होती. अशा प्रत्येक अँपला ‘आता जागा हो’ असे सांगणारी एक बारीक तार असते. तिला दुकानदार रिमोट वायर म्हणतात, आणि स्टिरिओ किंवा चावी चालू असेल तेव्हाच तिच्यात वीज यावी, अशी व्यवस्था करायची असते. आमच्या गाडीतल्या कंपनीच्या स्टिरिओला अशी तार काढायची सोय नव्हती, म्हणून दुकानातल्या मुलाने ती सरळ बॅटरीकडून येणाऱ्या जाड तारेलाच गुंडाळून टाकली होती. परिणामी सबवूफर रात्रंदिवस जागा होता. नंतर मल्टिमीटर लावून पाहिले तेव्हा काहीही वाजत नसताना तो ०.६ अँपिअर ओढत होता. म्हणजे दिवसाला साडेचौदा अँपिअर-तास. आमची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आहे. तिने अडीच दिवस तग धरला असेल, तेही नशीबच.

दुसरा दोष कानाला छळणारा होता. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढत जाणारी एक शिट्टी स्पीकरांतून ऐकू येई. ही अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या वीजजनित्राची, कुरकुर असते आणि तिचे मूळ बहुधा अर्थिंगमध्ये, म्हणजे काळी तार गाडीच्या पत्र्याला जोडण्यात, सापडते. पेटीची काळी तार सीटच्या बोल्टखाली दाबलेली होती. सीटचा बोल्ट हाताशी असतो म्हणून ही सवय सगळीकडे दिसते, परंतु त्या बोल्टभोवती रंग असतो, कधी त्याच्या आट्यांना चिकटद्रव्य लावलेले असते, आणि मुळात सीट व सीटबेल्ट यांचे बोल्ट ठराविक जोराने आवळलेले सुरक्षेचे भाग आहेत. आपल्या हौशीसाठी त्यांच्यात वायसर घुसवणे मला तरी पटत नाही. तिसरा दोष तारेतच होता. बॅटरीपासून सीटखालपर्यंत आणलेली लाल तार वरून बोटाएवढी जाड दिसत होती. सोलून पाहिल्यावर सगळी जाडी प्लॅस्टिकची निघाली. आतले बारीक धागे कापल्यावर लालऐवजी पांढरे चमकले, म्हणजे ती वरून तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार होती. बॅटरीवर १४.१ व्होल्ट असताना पेटीच्या तोंडाशी ठोक्यागणिक दाब साडेबारापर्यंत कोसळत होता.

आणि फ्यूज? तो होता, पण बॅटरीपाशी नव्हे, तर पेटीच्या शेजारी, सीटखाली. ही चूक अनेकांना क्षुल्लक वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तारेवरचा फ्यूज पेटीला वाचवण्यासाठी नसतो. तो तारेला, आणि तारेमार्फत गाडीला वाचवण्यासाठी असतो. इंजिनकडून केबिनमध्ये येताना तार लोखंडी पत्र्याच्या भोकातून जाते. तिथे रबरी गुळगुळीत कडे नसेल तर रोजच्या हादऱ्यांनी पत्र्याची धार तिचे आवरण कापत राहते आणि एक दिवस तार बॉडीला टेकते. त्या क्षणी बॅटरीची सगळी ताकद त्या तारेत उतरते. फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आत असेल तर तो उडतो आणि प्रकरण तिथेच संपते. फ्यूज जर तारेच्या दुसऱ्या टोकाला असेल तर त्याला काही घडल्याचा पत्ताच लागत नाही आणि तार शेगडीसारखी तापते. बॅटरीच्या टोकापासून फ्यूजपर्यंतची तार १८ इंचांपेक्षा, म्हणजे ४५ सेंटिमीटरपेक्षा लांब असू नये, हा या धंद्यातला जुना नियम आहे. ज्या दुकानात हे पाळले जात नाही तिथे पुढचे काही विचारूच नये.

एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून मी नाना पेठेत एका जुन्या कारागिराकडे गेलो. तिथे पाटी नाही, वातानुकूलित बैठक नाही, मोठ्या आवाजात काही वाजतही नाही. त्यांनी पेटी बाहेर काढली, सगळ्या तारा रस्त्यावर पसरल्या, पाच मिनिटे नुसते पाहिले आणि म्हणाले, “काका, पेटी चांगली आहे हो. हिला नीट जेवायलाच घातलं नाही कुणी.” मला तिथेच विश्वास वाटला.

त्यांनी आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवले आणि काही मिनिटे गाडीला हातच लावला नाही. कारण विचारल्यावर त्यांनी सीटखालचे पिवळे कनेक्टर दाखवले. ज्या गाड्यांत बाजूच्या एअरबॅगा असतात त्यांच्या तारा पुढच्या सीटखालून जातात, त्यांचे जोड बहुधा पिवळ्या रंगाचे असतात, आणि चावी चालू असताना ते ओढले तर निदान डॅशबोर्डवरचा दिवा लागून राहतो. त्याहून वाईटाची कल्पना न केलेली बरी. पहिल्या दुकानात याच तारांवर पेटी रेटून बसवलेली होती. यांनी त्या बाजूला घेऊन बांधल्या आणि सीट पूर्ण खाली व पूर्ण मागेपुढे सरकवून पेटी कुठेही घासत नाही, याची खात्री केली. मग पेटी पट्ट्यांनी जमिनीला आवळली, कारण जोरात ब्रेक लावल्यावर पाच-सहा किलोंची धातूची पेटी पुढे बसणाऱ्याच्या पायांकडे सरकत येणे कुणालाच परवडणारे नाही.

आठ गेजची (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड) अस्सल तांब्याची तार बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून मीच आणून दिली. चांगल्या तांब्याच्या आठ गेज तारेत पाच मीटरला, चौदा अँपिअर वाहत असताना, एका दिशेने जेमतेम ०.१५ व्होल्टची घट होते. सोळा गेजच्या तारेत तीच घट जवळपास एक व्होल्ट होते. तार डाव्या उंबऱ्याखालून नेली आणि स्टिरिओकडून येणारी संकेताची तार मधल्या कन्सोलमधून, म्हणजे दोघींची गाठ शक्य तितकी पडू नये. अर्थिंगसाठी सीटजवळच बॉडीच्या पत्र्यावर रुपयाएवढा रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून स्वतंत्र बोल्ट बसवला आणि आवळून झाल्यावर वरून पुन्हा रंग लावला. पुण्याच्या पावसाळ्यात उघडा पत्रा महिन्याभरात तांबडा होतो. अर्थिंगची तार दीड वीत लांबीची ठेवली. शिट्टी तत्क्षणी गेली. रिमोट वायर फ्यूजपेटीतून, चावी फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या एका जागेवरून, फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेतून जादा तार काढणारा जोड) लावून घेतली. स्टिरिओच्या मागची एकही तार कापली नाही. गाडीच्या मॉडेलला जुळणारा कप्लर, म्हणजे तयार जोड, मध्ये घालून पुढच्या स्पीकरांच्या तारांवरूनच संकेत घेतला. उद्या सगळे काढायचे झाले तर कप्लर ओढला की गाडी जशी होती तशी. वॉरंटीतल्या गाडीसाठी हे फार मोलाचे आहे, कारण कापलेली तार दाखवून विद्युत कामाची वॉरंटी नाकारली गेली तर आपल्याकडे बोलायला काही उरत नाही.

या फेरबसवणीचे २,२०० रुपये त्यांनी घेतले, साहित्य वेगळे. पहिल्या दुकानाला मजुरी आणि तारांचा संच मिळून मी ३,३०० दिले होते.

यापुढे खरे काम सुरू झाले आणि ते बसवणीपेक्षा अधिक नाजूक होते. पेटीच्या कडेला चार गोष्टी होत्या: गेन, लो-पास, बेस बूस्ट या तीन लहान खुंट्या आणि फेजचा एक खटका. पहिल्या दुकानाने गेन आणि बूस्ट दोन्ही शेवटपर्यंत पिळून ठेवले होते. बूस्टवर छापले होते ४५ हर्ट्झला १२ डेसिबल. बारा डेसिबल हा आकडा गरीब दिसतो, पण त्याचा अर्थ त्या पट्ट्यात अँपकडून सोळापट शक्ती मागणे असा होतो. एरवी दहा वॅटमध्ये निघणाऱ्या ठोक्याला एकशे साठ वॅट लागू लागतात आणि अँपकडे तर एकशे वीसच आहेत. मग संकेताचे माथे सपाट होतात, आवाज फाटतो आणि पडदा हलवणारी आतली कॉइल तापत राहते. माझ्या डोकेदुखीचे कारण तेच होते. बूस्ट शून्यावर आणून ठेवला आणि त्यानंतर आजतागायत त्याला हात लावलेला नाही.

गेन ही आवाज वाढवायची कळ आहे, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात स्टिरिओकडून येणारा संकेत किती व्होल्टचा आहे याची ओळख अँपला करून देणे, एवढेच तिचे काम. आमच्या स्टिरिओच्या आवाजाला चाळीस पायऱ्या आहेत. सबवूफर बंद ठेवून पाहिले तेव्हा बत्तिसाव्या पायरीनंतर दारांतले स्पीकर फाटू लागत होते, म्हणून तीस ही आमची मर्यादा ठरली. स्वतंत्र अँप असता तर त्याच्या टोकांवर मल्टिमीटर लावून हिशेबाने गेन ठरवता आला असता. शक्ती आणि रोध यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले की अपेक्षित व्होल्ट मिळतात. बंद पेटीत ती टोके आतच असतात, म्हणून कानावर भिस्त ठेवावी लागते. स्टिरिओ तिसावर, इक्वलायझर सपाट, गेन तळाला, ओळखीची स्वच्छ ध्वनिमुद्रिका चालू, आणि मग पेचकस हळूहळू फिरवत जिथे ठोका जाड आणि ओबडधोबड होऊ लागतो तिथून थोडे मागे. आमच्या पेटीत ही जागा पूर्ण फेरीच्या एक तृतीयांशाच्या आतच आली. दोन तृतीयांश फेरी तशीच शिल्लक राहिली म्हणून वाईट वाटण्याचे कारण नाही. पहिले काही दिवस मला मात्र ते वाटले.

लो-पास म्हणजे कोणत्या सुराखालचे काम सबवूफरने करायचे याची सीमा. इथे कारागिरांनी जी युक्ती केली तिच्यामुळेच मी हा लेख लिहितो आहे. त्यांनी एक अभंग लावायला सांगितले आणि म्हणाले, “काका, डोळे मिटा आणि वूफर कुठे आहे ते बोटानं दाखवा.” मी सरळ डावीकडे, शेजारच्या सीटखाली बोट दाखवले. “म्हणजे अजून खाली यायला हवं.” त्यांनी खुंटी थोडी फिरवली, पुन्हा विचारले, मी पुन्हा बोट दाखवले. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मला बोट दाखवता येईना. पखवाज समोरून, काचेच्या पलीकडून वाजत असल्यासारखा वाटू लागला होता. शंभर-एकशे वीस हर्ट्झच्या वर गेलेला आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला कळू लागते, आणि भारदस्त पुरुषी गळ्याचा खालचा भाग याच पट्ट्यात असतो. म्हणून पूर्वी गायकाचा अर्धा आवाज सीटखालून आल्यासारखा वाटत होता. ऐंशीच्या आसपास सीमा आणली की त्या गुरगुरण्याचा पत्ता लागत नाही. खुंटीवर मात्र फक्त ५० आणि १५० हे दोन आकडे छापलेले असतात आणि मधोमध म्हणजे बरोबर शंभर, असे मुळीच नसते, तेव्हा ठराविक हर्ट्झचे सूर वाजवून किंवा असे बोट दाखवूनच ती जागा शोधावी.

फेजचा खटका लोक विसरतात. सबवूफर आणि दारांतले स्पीकर ज्या सीमेवर एकमेकांना भेटतात तिथे दोघांचे पडदे एकाच वेळी पुढे येत नसतील तर एकाने ढकललेली हवा दुसरा ओढून घेतो आणि ठोका पोकळ होतो. ऐंशी हर्ट्झची ध्वनिलहर सुमारे ४.३ मीटर लांबीची असते, म्हणजे गाडीत अंतराचा फरक त्या मानाने थोडाच पडतो. पण वेगवेगळ्या फिल्टरांतून जाताना आणि कुठे तरी तारा उलट जोडल्या गेल्यामुळे हा घोळ होऊ शकतो. उपाय सोपा आहे: चालकाच्या जागी बसून ऐंशीचा सूर लावावा, दुसऱ्याला खटका इकडून तिकडे करायला सांगावे आणि ज्या बाजूला आवाज अधिक भरीव लागेल ती ठेवावी. खटक्याच्या ० आणि १८० या दोन बाजूंपैकी आमच्या गाडीत १८० लागली. मी आणखी एक भर घातली. तपकीर गल्लीतूनच ध्रुवरहित ४७० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर आणून पुढच्या दारांतल्या स्पीकरांच्या वाटेत बसवले. चार ओहमच्या स्पीकरला त्यामुळे पंच्याऐंशी हर्ट्झच्या आसपासपासून खाली उतार मिळतो, म्हणजे त्याखालचे सूर त्याच्याकडे कमी कमी होत जातात. स्पीकरचा रोध प्रत्येक सुराला बदलत असल्यामुळे हे गणित काटेकोर नाही, तरी जे काम जमत नाही त्यातून त्या बिचाऱ्यांची सुटका झाली आणि गळा आश्चर्यकारकरीत्या स्वच्छ झाला. स्टिरिओवरच बेस कमी करून हे साधले नसते, कारण सबवूफरचा संकेतही त्याच तारांवरून येतो आणि तोही तितकाच कमी झाला असता.

नाना पेठेच्या गल्लीत, उभ्या गाडीत, सारे अप्रतिम लागत होते. दुसऱ्या दिवशी मुंबईला निघालो आणि द्रुतगती मार्गावर ताशी शंभराच्या वेगाला सबवूफर जणू बंदच पडला. टायर आणि वारा यांची घरघर मुख्यतः खालच्या सुरांतच असते आणि ती नेमका तळ गिळते. संध्याकाळी परतताना त्या हिशेबाने वाढवलेला आवाज मग कर्वे रस्त्याच्या सिग्नलला थांबल्यावर लाज आणू लागला. शिवाय आवाज लहान केला की कानाला खालचे सूर प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली आलेखांच्या वक्रांतून मांडलेली ही गोष्ट आजही खरी आहे. तेव्हा एकच एक बरोबर जागा नसते, हे मला तीन आठवड्यांत कळले. यावरचा तोडगा पेटीसोबत आलेल्या, तारेला लोंबकळणाऱ्या छोट्या बेस नॉबमध्ये आहे. पहिल्या दुकानाने तो खोक्यातच परत दिला होता. आता तो गिअरजवळ, हाताशी बसवला आहे: शहरात घड्याळातल्या दहाच्या काट्यावर, महामार्गावर एकच्या, आणि पहाटे सोसायटीतून बाहेर पडताना पूर्ण बंद. खरेदी करताना हा नॉब नसलेली पेटी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

सोसायटीचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती ज्या ‘ए’ मापाने मोजतात त्यात पन्नास हर्ट्झच्या सुराला तब्बल तीस डेसिबलची सूट मिळते, म्हणून मीटरवर निर्दोष ठरलेला घुमाराही वरच्या मजल्यावरच्या आजोबांची झोप मोडू शकतो. मीटर दाखवून त्यांचे समाधान होत नाही.

खडखडाटाने आणखी एक रविवार खाल्ला. तीसपासून शंभर हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर लावून मी गाडीभोवती फिरत होतो. मागची नंबर प्लेट, मधल्या खणातली टोलसाठी जपलेली चिल्लर, मागच्या सीटबेल्टचे बक्कल आणि चष्म्याचा कप्पा असे चार चोर सापडले. नंबर प्लेटमागे फोमची पट्टी चिकटवली. दारांच्या आत डँपिंगचे पत्रे लावायचे ठरवले होते, पण त्याचा खर्च पेटीच्या निम्म्यावर जात होता आणि एवढ्या आवाजात मी कधी ऐकणारच नव्हतो, म्हणून बेत सोडला.

पेटीच्या उणिवा स्पष्ट सांगतो. चाळीस हर्ट्झच्या खाली ती जवळजवळ गप्प असते, तेव्हा इलेक्ट्रॉनिक संगीताची आवड असलेल्यांनी डिकीचा मोह सोडू नये. मागे बसणाऱ्याचे पाऊल पूर्वी सीटखाली सरकत असे, ते आता अडते. आई लहान चणीची असल्यामुळे तिला चालते, माझ्या उंच मेव्हण्याने मात्र तोंड वाकडे केले. पावसाळ्यात ओल्या चपलांचे पाणी गालिच्यातून पेटीखाली जाते, म्हणून मी तिच्याखाली सेंटिमीटरभर उंचीच्या रबरी ठोकळ्या दिल्या आहेत आणि पाणी तुंबलेल्या भुयारी मार्गांतून आता पूर्वीपेक्षा अधिक धास्तीने जातो. तासभर वाजल्यावर तिचे धातूचे अंग कोमट होते, ते ठीक आहे. पण कुणीतरी तिच्यावर गालिच्याचा तुकडा टाकू नये, एवढे पाहावे लागते.

तरीही मी ही पेटी पुन्हा घेईन. परवा कात्रजच्या घाटातून उतरताना एक भजन लागले होते. पखवाजाची उठावण झाली, डाव्या तोंडाचा तो ओला, खोल नाद समोरून आला आणि बायकोने विचारले, “यात वूफर चालू आहे का बंद?” चालू होता.

गेल्या आठवड्यात गाडी सर्व्हिसिंगला द्यायची होती. सीटखाली झाडू घालणाऱ्या मुलाचा हात किंवा व्हॅक्यूमचे तोंड त्या तीन खुंट्यांना नक्की लागणार, हे ठाऊक असल्यामुळे आदल्या रात्री टॉर्च तोंडात धरून मी प्रत्येक खुंटीवर आणि तिच्याशेजारी नेलपॉलिशची एकेक बारीक रेघ ओढून ठेवली. गाडी परत आली तेव्हा गेनची रेघ दोन दाते पुढे गेलेली होती.